डीएम, दीड वर्षाची लेक आणि पुढच्या आठवड्यातली सही

मुलुंडहून एका तरुण डॉक्टरचं पत्र आलंय. मूळ पत्र चार पानी आहे, इथे कापून-छाटून देतेय.

‘ताई, मी ३१ वर्षांची आहे. महापालिकेच्या कॉलेजातून एमडी मेडिसिन झाले, बॉण्डचं (सक्तीच्या सेवेचं) वर्ष संपूनही चार महिने झाले. सध्या एका नर्सिंग होममध्ये तात्पुरत्या नाइट करते. लेक दीड वर्षाची. नवरा बँकेच्या आयटीत आहे, आठवड्यातले दोन दिवस घरून काम करतो. लेकीला सासूबाई बघतात. त्या ६४ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, पण कधी तक्रार नाही. मला डीएम (एमडीनंतरची तीन वर्षांची पदवी) कार्डिओलॉजी, म्हणजे हृदयरोग, करायचंय, अगदी एमबीबीएसपासून. हातात दोन ऑफर आहेत. एक परळच्या मोठ्या हॉस्पिटलची, पगारी, पैसे चांगले, नाइट कॉल जास्त. दुसरी ठाण्यातल्या मध्यम हॉस्पिटलची, कन्सल्टंट म्हणून, मिनिमम गॅरंटीवर. पुढच्या आठवड्यात सही करायचीय. सासरे म्हणतात, दुसरं उरकून टाका, मग काय ते डीएम कर. नवरा म्हणतो, तुझ्या पगारातून बाईचे पैसे गेले तर उरतं काय, थोडे दिवस नुसती ओपीडी कर. माझे सर म्हणतात, कार्डिओ सोड, एंडोक्राइन (हॉर्मोन, मधुमेह) घे, बायकांना बरं पडतं. गेल्या महिन्यात लेकीला १०३ ताप होता आणि मी दुसऱ्या कुणाच्या आईच्या प्लेटलेट बघत होते. ड्युटी रूमच्या बाथरूममध्ये रडले. हल्ली सुट्टीच्या दिवशीही झोप लागत नाही. लेक सासूबाईंनाच आई म्हणते. मी नेमकं काय सोडू?’

प्रिय डॉक्टर,

आधी झोपेचं बोलू. बाकी सगळं आठवडाभर थांबू शकतं, हे नाही. ‘सुट्टीच्या दिवशीही झोप लागत नाही, मधूनच रडू येतं’ असं एखादी बाई ओपीडीत म्हणाली असती, तर तू लिहायचं थांबवून तिच्याकडे नीट पाहिलं असतंस. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडतो आणि थकवा म्हणून तो कितीदा दुर्लक्षिला जातो, हे तू परीक्षेत लिहून मार्क मिळवले असशील. मग स्वतःचं टीएसएच, थायरॉइडची तपासणी, कधी केलंस? हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२? पीएचक्यू-९ चा, नैराश्याच्या प्रश्नावलीचा, जो कागद पेशंटपुढे ठेवतेस, तो एकदा स्वतःसाठी भर, आणि जे उत्तर येईल ते घेऊन तुझ्या ओळखीबाहेरच्या डॉक्टरकडे जा. रीतसर केसपेपर काढून, फी भरून. कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या बॅचमेटला विचारायचं आणि त्याने सांगितलेली गोळी त्याच्याच सॅम्पलमधून घ्यायची, हा प्रकार डॉक्टरांनी बंद करायला हवा. रात्री फारच जड गेलं तर १४४१६ हा टेलिमानसचा, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, क्रमांक आहे. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. तू तो पेशंटना देत असशीलच.

आता ऑफर. तुझ्या चार पानांत सगळ्यात कमी जागा करारांना मिळाली आहे आणि सगळ्यात जास्त अपराधीपणाला. मी हे प्रमाण उलटं करणार आहे.

नवऱ्याची ‘नुसती ओपीडी’ आधी निकालात काढते. ऐकायला सोयीचं वाटतं, कारण तो ओपीडी म्हणजे दुपारी दोन तास असं समजतो. मुंबईत खासगी फिजिशियनची ओपीडी चालते संध्याकाळी सहा ते नऊ. लोक ऑफिसातून सुटून, गाडी पकडून, घरी चहा घेऊन मग येतात. तुझी लेक जागी असते, जेवते, खेळते, झोपते ते हेच तास. शिवाय पहिल्या वर्षी तुझ्याकडे पेशंट येणार कुठून? आसपासचे फॅमिली डॉक्टर पाठवतील तेव्हा. आणि ते पाठवतात रात्री नऊ वाजता तापाने फणफणलेला माणूस, ‘मॅडम, अ‍ॅडमिट करून घ्या’ म्हणत. दोनदा नाही म्हटलंस की तिसऱ्यांदा फोन दुसऱ्याला जातो. म्हणजे ओपीडीपुरतं राहायचं तर पैसे कमी, संध्याकाळ गेलेली आणि वॉर्डचा हातही सुटत चाललेला. दिवसाच्या इनडोअरच्या नोकरीत निदान संध्याकाळ उरण्याची शक्यता असते.

परळ की ठाणे? मी तुझ्या जागी ठाणे घेईन, पण आहे त्या करारावर मुळीच नाही.

परळ का नको, तर अंतरासाठी. मुलुंडहून परळ म्हणजे स्लो गाडीची पाऊण तासाच्या आसपासची बैठक (बसायला मिळालं तर), वर दोन्हीकडचं चालणं आणि रिक्षा. रोजचे दोन-अडीच तास. नाइट कॉलला परत जायचं झालं तर टॅक्सी. ठाणे तुझ्यापासून एक स्टेशन. हा जो दिवसाचा दीड-दोन तास वाचेल तो कुठल्याही पगारवाढीत मिळत नाही. तुमच्या प्रोफेसर मॅडम ‘आम्ही नाही का केलं, पोरंबाळं सांभाळून?’ म्हणतात ना, त्यांतल्या कित्येक जणी हॉस्पिटलच्या आवारातल्या क्वार्टर्समध्ये राहायच्या. राउंडला चालत जायचं, मूल रडलं तर वॉर्डातल्या मावशी निरोप घेऊन यायच्या. त्यांचे कष्ट खोटे नव्हते, पण त्यांच्या कष्टांत सेंट्रल रेल्वे नव्हती. ही तुलना कुणी तोंडावर फेकली तर मनावर घेऊ नकोस.

आता ठाण्याचा करार. ‘कन्सल्टंट, मिनिमम गॅरंटी’ म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम, दहा टक्के टीडीएस कापून, प्रोफेशनल फी म्हणून. पगार म्हणून नाही. कागदावर तू त्या हॉस्पिटलची कर्मचारी नसतेस. पीएफ नाही, पगारी रजा नाही, आणि सासऱ्यांच्या सूचनेच्या संदर्भात महत्त्वाचं म्हणजे मातृत्व रजाही नाही. मातृत्व लाभाचा कायदा मुळात १९६१चा, २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा झाली. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की पुरे. त्या रजेवर असताना नोकरीवरून काढणं बेकायदा. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं. २०२५च्या नोव्हेंबरपासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण चौकट हीच आहे. पण हे सगळं कर्मचाऱ्याला. फी घेणाऱ्या कन्सल्टंटला हॉस्पिटल हसतमुखाने ‘टेक युअर टाइम, मॅडम’ म्हणतं आणि त्या महिन्यापासून गॅरंटी थांबते. सहा महिन्यांनी परत येशील तेव्हा तुझ्या ओपीडीच्या पाटीवर दुसरं नाव असू शकतं.

म्हणून एचआरशी बोलताना पहिली मागणी ‘फुल टाइम, पगारी’ अशी ठेव. देतात. फिजिशियन त्यांनाही हवाच असतो, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडावर. नाहीच म्हणाले आणि तरी तुला जायचं असेल, तर गॅरंटी किती महिने, त्यानंतर फीतला वाटा किती, नोटीस पीरियड दोन्ही बाजूंना सारखा आहे का, दुसरीकडे बसायला मनाई आहे का, आणि नाइट ऑन-कॉल आठवड्यातून किती, हे सगळं लेखी घे. ‘अंडरस्टँडिंग आहे, डॉक्टर’ हे शब्द ऐकलेस की समज, लिहून द्यायची त्यांची तयारी नाही. दूध अजून चालू असेल तर ड्युटी रूमला आतून कडी आणि जवळ फ्रिज आहे का तेही बघ. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत फार तर चार तास टिकतं, आणि मुंबईत एसी बंद पडला की २५ अंश कुठले! आशियातली पहिली मानवी दूध पेढी ज्या शहरात, सायनच्या पालिका रुग्णालयात, १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, त्या शहरात डॉक्टर आयांना दूध काढायला जागा शोधत फिरावं लागतं, हा विनोद मला कधीच आवडलेला नाही.

एक मोह मात्र टाळ. ठाण्यात बसलीस की ओळखी होतील आणि तीन-चार नर्सिंग होमच्या अटॅचमेंट चालून येतील. एक घोडबंदरला, एक भांडुपला, एक कळव्याला. प्रत्येक ठिकाणी दोनच पेशंट, पण राउंड प्रत्येक ठिकाणी. दिवसभर गाडीत बसून फोनवर ऑर्डर देणारे फिजिशियन तू पाहिले आहेस. त्या धंद्यात पैसा आहे, वेळ नाही. पुढची दोन वर्षं एकच जागा.

दुसऱ्या मुलाबद्दल मी सासऱ्यांशी वाद घालणार नाही, कारण तो त्यांचा विषयच नाही. तुला आणि नवऱ्याला हवं असेल तेव्हा होईल. फक्त ‘उरकून टाका’ या हिशेबात एक वैद्यकीय गोष्ट राहतेय: एका बाळंतपणानंतर पुढची गर्भधारणा निदान २४ महिन्यांनी असावी, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तुझे अजून १८च झालेत. हे घरात तू सांगू नकोस, नवऱ्याला सांगू दे. मुलाने वडिलांना सांगितलेलं ऐकलं जातं. अन्याय आहे, पण वापरून घे.

आता तुझ्या सरांकडे. ते वाईट माणूस नाहीत, त्यांनी तुझी दगदग पाहिली आहे. तरी त्यांचा सल्ला मला मान्य नाही. डीएमची तीन वर्षं कुठल्याही ब्रँचमध्ये घासूनच काढावी लागतात. केंद्राच्या १९९२च्या रेसिडेन्सी योजनेत सलग बारा तासांपेक्षा जास्त ड्युटी नको असं लिहिलेलं आहे, आणि ते कुठल्या युनिटमध्ये पाळलं जातं हे तुला मी सांगायला नको. फरक पडतो तो नंतर. हार्ट अ‍ॅटॅकचा पेशंट दारात आल्यापासून ९० मिनिटांच्या आत बंद धमनी उघडायची असते, त्यामुळे अँजिओप्लास्टी करणाऱ्याला रात्री दोन वाजताही अर्ध्या तासात कॅथ लॅबमध्ये पोचावं लागतं. एंडोक्राइनमध्ये ती धावपळ बरीच कमी. पण कार्डिओलॉजी म्हणजे फक्त कॅथ लॅब नाही. इको (हृदयाची सोनोग्राफी) आहे, हार्ट फेल्युअर क्लिनिक आहे, मुलांचं हृदय आहे. ज्या विषयाचं पुस्तक रात्री अकरानंतरही उघडावंसं वाटतं तो विषय घे. पुढची तीस वर्षं मधुमेहाचे डोस लिहायचे आणि मनात ईसीजी वाचत बसायचं, त्याची किंमत घरालाच मोजावी लागते.

पण मग या वर्षी परीक्षा द्यायची का? माझं मत: नाही. सांगते का. नीट-एसएसचं, म्हणजे डीएमच्या प्रवेश परीक्षेचं, काउन्सेलिंग देशपातळीवर चालतं. कार्डिओची सीट मुंबईतच मिळेल असं समजू नकोस, चंदीगड किंवा त्रिवेंद्रमही निघू शकतं. राज्यातल्या सरकारी किंवा पालिकेच्या कॉलेजात मिळाली तर तीन वर्षांनंतर पुन्हा एक वर्ष बॉण्ड, आणि तो मोडायचा तर दोन कोटी. म्हणजे हा चार वर्षांचा, कदाचित दुसऱ्या शहरातला निर्णय आहे, आणि तो तू एका आठवड्यात, झोप उडालेल्या डोक्याने घ्यायला निघाली आहेस. घरातल्या कुणाशीही ‘त्रिवेंद्रम लागलं तर?’ हा प्रश्न तू अजून बोललेली नाहीस, असं पत्रावरून दिसतंय. नवऱ्याच्या बँकेत बदली होते का, पूर्ण वेळ घरून काम मिळतं का, लेक कुणाबरोबर राहील, यावर बोलणं झालं पाहिजे. लेक तीन वर्षांची होईपर्यंतचा काळ त्यासाठी धर. तोवर अशा ठिकाणी काम कर जिथे सीसीयू (हृदयरुग्णांचा अतिदक्षता विभाग) आहे आणि इको कुणी शिकवेल. ठाण्याच्या मुलाखतीत हे विचारलंस का? गॅप पडला की अभ्यास सुटतो, असं सर म्हणतील. खरं आहे. आठवड्यातून दोन सकाळी अभ्यासाच्या ठरव, आणि परीक्षेच्या तारखेवर फार भरवसा ठेवू नकोस. २०२४ची नीट-पीजी, एमडीची प्रवेश परीक्षा, आदल्या रात्री पुढे ढकलली गेली होती, ती मुलं अजून विसरली नसतील.

आता त्या वाक्याकडे येते ज्याने मला खरा राग आला. ‘तुझ्या पगारातून बाईचे पैसे गेले तर उरतं काय.’ तुझ्याच का? बाई ठेवल्यामुळे नवराही नोकरीला जाऊ शकतो ना? पाळणाघर, दिवसभराची बाई, रिक्षा, हे दोघांच्या मिळून उत्पन्नातून वजा करायचं. मग उरतं ते पुरेसं दिसतं. समजा, पहिली दोन वर्षं तुझ्या बाजूला कमी उरलं, तरी बिघडत नाही. डॉक्टरची कमाई उशिरा सुरू होते. तुझ्या वर्गातल्या इंजिनीअर मुली तुझ्याआधी आठ वर्षं कमवायला लागल्या. आता थांबलीस तर ते अंतर वाढेल.

आणि सासूबाई. तू लिहितेस, ‘कधी तक्रार नाही’. अगं, तू फिजिशियन आहेस. तक्रार नाही म्हणून दुखणं नाही, असं वॉर्डात कधी मानलं होतंस का? ६४ वर्षांची बाई दहा-अकरा किलोचं मूल दिवसातून वीसदा उचलते, दुपारची झोप नाही, भिशी सुटली, आणि गुडघ्यांचा एक्स-रे निघाला का, हे चार पानांत कुठेच नाही. तुझं करिअर आज त्यांच्या गुडघ्यांवर उभं आहे आणि उद्या ते चालेनासे झाले तर सगळ्यांचा दोष तुझ्याच माथी येईल. तेव्हा दिवसभराची बाई ठेवायची ती याच महिन्यात. उचलणं, भरवणं, न्हाऊ घालणं तिच्याकडे. सासूबाईंकडे देखरेख, गोष्टी आणि दुपारची झोप. ब्युरोतून घेशील तर ओळखपत्र आणि पोलीस पडताळणी करून घे. पहिले पंधरा दिवस ‘परक्या बाईच्या हाती पोर?’ हे ऐकावं लागेल, ते ऐक. हा निर्णय सासूबाईंना विचारून घे, कळवून नको. ‘आई, तुम्हाला काय काय नको आहे यातलं?’ असं विचारून बघ. कदाचित त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी विचारत असेल.

नवरा आठवड्यातले दोन दिवस घरी असतो. त्या दोन संध्याकाळी आणि रात्री पूर्ण त्याच्या, ‘डायपर कुठे आहेत’ हा फोन न करता. तुझे नाइट कॉल शक्यतो त्याच रात्री मागून घे. पावसाळ्याचं वेगळं ठरवा. जून ते ऑक्टोबर मलेरिया, डेंगी, लेप्टो यांनी वॉर्ड भरतो, तेव्हा तुला सुट्टी मिळणार नाही. त्याने आपली रजा मे महिन्यातल्या सहलीत न संपवता जुलै-ऑगस्टसाठी राखावी. गाड्या बंद पडल्या तर कोण घरी पोचेल आणि कोण हॉस्पिटलात अडकेल हेही आधीच ठरलेलं असावं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा डॉक्टर घरी जाऊ शकले नाहीत आणि पुढच्या शिफ्टचे येऊ शकले नाहीत. तेवढा पाऊस रोज येत नाही, पण रुळांवर पाणी दर वर्षी येतं.

१०३ तापाच्या रात्रीबद्दल. तू घरी असतीस तरी पॅरासिटामॉलच दिलं असतंस. तुझ्या अनुपस्थितीने लेकीच्या उपचारात काही कमी पडलं नाही, पडलं ते तुझ्या मनात. पण त्यावर उपाय आहे: लेकीची डॉक्टर होऊ नकोस. तिला घराजवळचा एक बालरोगतज्ज्ञ असू दे, त्याचा नंबर सासूबाईंच्या, नवऱ्याच्या आणि बाईच्या फोनमध्ये असू दे. ताप आला की पहिला फोन त्याला, तुला नाही. तुला फक्त मेसेज. आणि हाच नियम नातेवाइकांना लाव. आत्याचा शुगर रिपोर्ट, सोसायटीच्या सेक्रेटरीचा ईसीजी, नणंदेच्या सासऱ्यांचं बीपी, हे सगळं रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर येत असणार. ‘शनिवारी ओपीडीत या, बघते’ हे उत्तर टाइप करून ठेव आणि चिकटव. पहिल्या महिन्यात चार जण रुसतील. त्यांतले दोन ओपीडीत येतील.

लेक आजीला आई म्हणते यात घाबरण्यासारखं काही नाही. दीड वर्षाची मुलं जे माणूस समोर असेल त्याला जे नाव येतं ते लावतात. मराठी घरांत मामीला आई आणि आजोबांना बाबा म्हणत वाढलेली माणसं ढिगाने सापडतील. कामावर निघताना लपूनछपून मात्र जाऊ नकोस. या वयात आई दिसेनाशी झाली की मुलं सगळ्यात जास्त घाबरतात. सांगून, हात हलवून निघ. रडेल, दोन मिनिटांत बाईच्या कडेवर चिमण्या बघायला लागेल.

या रविवारी लेक दुपारी झोपली की नवऱ्याबरोबर बसा, घरखर्चाचा कागद आणि ठाण्याचा करार दोन्ही समोर ठेवून. सोमवारी एचआरला फोन कर आणि फुल टाइम पगारी कराराचा मसुदा ईमेलवर माग. आठवडा पुरणार नाही म्हणून सांग, पंधरा दिवस घे. परळला लगेच नकार कळवू नकोस, ठाण्याचा मसुदा हातात येईपर्यंत तरी नाही. आणि सोमवारीच, फोनच्या आधी, उपाशीपोटी रक्त देऊन ये. त्याच खेपेत सासूबाईंनाही एक्स-रेला घेऊन जा.